हॉलंडमधला नंबर सात

रेमंड समोर असताना मी त्याला कायम 'तुम्ही' म्हणालो. वयाने तो माझ्या पप्पांएवढा, आणि दुबईतल्या करामात राहणाऱ्या आम्हा वसईकरांत मोठ्यांना अरेतुरे करायची पद्धत नाही. पण हे लिहिताना तेवढा मान द्यायची माझी तयारी नाही. तो मला आवडला नाही, अजूनही आवडत नाही. त्याच्याबद्दल कुणाला चांगलं काही ऐकायचं असेल तर त्यांनी दुसरा माणूस शोधावा. मला तरी असा कुणी भेटलेला नाही.

तो आमच्या कॉयरमध्ये आला फादरांच्या सांगण्यावरून. चर्चमधल्या मराठी मिस्सेला आम्ही बारा-तेरा जण गायचो. कुणी हॉटेलच्या रिसेप्शनवर, कुणी कार्गोत, मी एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत फायली सांभाळणारा डॉक्युमेंट कंट्रोलर, माझी बायको लवीना क्लिनिकमध्ये नर्स. दर शनिवारी संध्याकाळी आमच्या फ्लॅटवर प्रॅक्टिस असायची, कारण आमचा हॉल जरा मोठा आणि शेजारी सहनशील. फादर म्हणाले की एक जुने प्रोफेशनल गायक अजमानला मुलीकडे राहतात, आपल्याच बाजूचे आहेत, त्यांना विचारून बघतो. आम्ही हरखलो. लवीनाने त्या दिवशी केक केला होता.

ऑगस्ट महिना. दारात उंच, वाळका म्हातारा. केस काळे रंगवून मागे फिरवलेले, पूर्ण बाह्यांचा शर्ट गळ्यापर्यंत बंद आणि त्यावर रेशमी रुमाल. लवीना म्हणाली, "या अंकल." तो उंबऱ्यातच थांबला. मी तुझ्या आईचा भाऊ आहे का, असं त्याने विचारलं आणि आपल्याला मिस्टर रे म्हणायचं, असं बजावलं. मग आत येऊन त्याने टेबलावरचा एसीचा रिमोट उचलला, एसी बंद केला आणि रिमोट पॅन्टच्या खिशात घातला. थंड हवेने गळा मरतो म्हणाला.

दोन तास आम्ही तसेच गायलो. बाहेर चव्वेचाळीस डिग्री होतं. कार्गोवाल्या पीटरच्या शर्टातून घाम टपकत होता. माझं घर, माझा रिमोट, आणि तो परक्या माणसाच्या खिशात, तरी मी तोंड उघडलं नाही. पुढे दीड वर्ष दर शनिवारी हेच चाललं. केकला त्याने हात लावला नाही. गाण्याआधी खाणारा माणूस जेवायला आलेला असतो, असं म्हणाला.

शिकवताना तो आमच्याकडे पाठ करून खिडकीपाशी उभा राहायचा. गाणं सुरू झालं की थोड्या वेळाने हात वर करायचा आणि न वळता सांगायचा, "कार्गो, फ्लॅट," म्हणजे पीटरचा सूर उतरला. किंवा "फाइल, तू गातोस की अटेंडन्स देतोस?" फाइल म्हणजे मी. आमची नावं त्याने कधी शिकून घेतली नाहीत. ज्याचं जे काम तेच त्याचं नाव. तेरा आवाजांतून चुकलेला एक आवाज तो पाठमोरा ओळखायचा आणि दीड वर्षात एकदाही चुकला नाही. तो चुकावा म्हणून मी एकदा मुद्दाम पीटरच्या आवाजात आवाज मिसळून सूर खाली सोडला होता. "फाइल," तो म्हणाला, "मस्ती बाहेर."

आणि मग नंबर सात. कुठलाही विषय तिथेच जाऊन थांबायचा. सत्तरच्या दशकात रेमंड मुंबईच्या हॉटेलांत बँडबरोबर गात होता. तिथून एका डच माणसाने त्याला उचलून हॉलंडला नेलं. तिकडे त्याची सोल, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या गायकांच्या संगीताची एक रेकॉर्ड निघाली आणि ती चढत चढत देशात सातव्या नंबरापर्यंत गेली. सात नंबरावर ती दोन आठवडे होती. त्यातल्या एका आठवड्याच्या यादीचं कात्रण लॅमिनेट करून तो शर्टाच्या खिशात बाळगायचा. आम्ही चुकलो की ते काढायचा आणि विचारायचा, "हॉलंडमध्ये मी नंबर सात होतो. तुम्ही करामात कितवे?"

कात्रणावर सातव्या ओळीत नाव होतं, रे फॉस्टन. हे कोण, असं पीटरने विचारलं तेव्हा तो म्हणाला की तेच आपण. कंपनीने नाव बदललं होतं. नुसतं नावच नाही, गावही. रेकॉर्डच्या पाकिटामागे छापलं होतं की रे फॉस्टन अमेरिकेतल्या मेम्फिसचा आहे, तिथल्या चर्चमध्ये गात मोठा झाला. रेमंड रंगाने काळासावळा, केस तेव्हा कुरळे वाढवलेले. तिकडचे उच्चार त्याने तीन महिने खोलीत बसून घोटले होते. लोकांनी विश्वास ठेवला. हे सगळं तो अभिमानानेच सांगायचा.

ती रेकॉर्ड ऐकवा म्हटलं तर मात्र नाही म्हणायचा. ते तुमच्या कानांसाठी नाही, एवढंच उत्तर. म्हणून एका दुपारी ऑफिसात मी इंटरनेटवर शोधली. कुणीतरी डच माणसाने जुनी रेकॉर्ड वाजवून चढवली होती. मी हेडफोन लावला. खरं सांगायचं तर ते गाणं वाईट असावं अशी माझी फार इच्छा होती. पहिल्या ओळीला आवाज खालून, जवळजवळ बोलल्यासारखा येतो. दुसऱ्या कडव्यात तो एका शब्दावर चढतो आणि फाटतो, म्हणजे आता गेला असं वाटतं, आणि त्या फाटलेल्या जागेवरूनच तो वर जातो. मी ते गाणं लागोपाठ चार वेळा ऐकलं. मग हेडफोन काढून ड्रॉइंग पाठवायचे ट्रान्समिटल फॉर्म भरत बसलो. असा आवाज अशा माणसाला मिळावा याचा मला खरोखर राग आला होता.

लवीनाचं प्रकरण त्यानंतरचं. तो आल्यानंतरच्या दुसऱ्या नाताळच्या मिस्सेला एक सोलो होता आणि तो लवीनाकडे होता. ती महिनाभर घोकत होती. भांडी घासताना, क्लिनिकच्या बसची वाट बघताना. तिचा आवाज मोठा नाही, पण स्वच्छ आहे. नाताळच्या आदल्या शनिवारी ती गायला लागली. तिच्या दोन ओळी झाल्या आणि रेमंडने हात वर केला. या वेळी तो वळला. सगळ्यांसमोर म्हणाला, "नर्सने इंजेक्शन द्यावं. हिच्या आवाजात काहीच झालेलं नाही. आयुष्यात काहीच झालेलं नाही." आणि तो सोलो त्याने स्वतःकडे घेतला.

लवीनाचं मूल दोन वर्षांपूर्वी सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. खोलीतल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. त्याला नव्हतं, आणि त्याने कधी विचारलंही नव्हतं. ती पुस्तक मिटून स्वयंपाकघरात गेली आणि तिने नळ सोडला. मी उठून त्याला हाकलायला हवं होतं. मी त्याला लिफ्टपर्यंत सोडायला गेलो आणि त्याच्यासाठी बटण दाबलं. त्यानंतर लवीना घरातही गाईना.

नाताळला तो सोलो त्याने गायला. आवाज आता चरचरीत झालेला, वर चढत नव्हता, तरी मागच्या बाकांवरच्या बायका डोळे पुसत होत्या. मी तिथेच ठरवलं की याला एकदा कुठेतरी गाठायचं.

संधी पप्पांमुळे आली. नाताळनंतर फोनवर मी सहज कॉयरमास्तरचं नाव घेतलं. मग पप्पांनी विचारलं, "आपल्या नंदाखाल गावचा रेमंड? हॉलंडला गायचा तो?"

पप्पा जहाजावर खलाशी होते. रेमंड आणि ते एकाच वर्गात, एकाच बाकावर. त्यांचं जहाज रॉटरडॅमला लागणार होतं तेव्हा रेमंडच्या आईने त्यांच्याकडे एक पुडकं दिलं. घरची सुकेळी, म्हणजे आमच्याकडची उन्हात वाळवलेली राजेळी केळी. रेमंडला ती फार आवडायची. पप्पांनी सुट्टी मागून घेतली, ट्रेनने अ‍ॅमस्टरडॅम गाठलं आणि भिंतीवरची पोस्टरं बघत बघत तो हॉल शोधून काढला. कार्यक्रम संपल्यावर मागच्या दाराशी उभे राहिले. रेमंड चार-पाच माणसांबरोबर बाहेर आला. पप्पांनी आमच्या बोलीत हाक मारली. त्याने पाहिलं, अगदी डोळ्यांत पाहिलं. मग शेजारच्या माणसाला तो इंग्रजीत म्हणाला की मी या माणसाला ओळखत नाही. दाराशी उभ्या असलेल्या दांडग्याने पप्पांना दंडाला धरून रस्त्याच्या पलीकडे नेऊन सोडलं.

ही गोष्ट पप्पांनी मला पन्नास वर्षांत सांगितली नव्हती. आईलाही नाही. सुकेळी जहाजावर सगळ्यांनी मिळून खाल्ली. परत आल्यावर रेमंडच्या आईने विचारलं तेव्हा पप्पा म्हणाले, भेटला, बरा आहे, सुकेळी फार आवडली, अजून पाठव म्हणाला. म्हातारीचा चेहरा त्यांना बघवला नसता. पण मग ती प्रत्येक हंगामात नवी सुकेळी करायची आणि पप्पा जहाजावर निघाले की पुडकं घेऊन हजर व्हायची. जहाज हॉलंडला जाणार नसलं तरी पप्पा घ्यायचे. ती जाईपर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षं.

फेब्रुवारीत मी पप्पांना व्हिजिट व्हिसावर बोलावून घेतलं. कशासाठी ते त्यांना कळलं असणार. नको म्हणाले नाहीत. रेमंडला मी काही कळवलं नाही, कॉयरमधल्या कुणालाही नाही, फक्त लवीनाला सांगितलं. ती म्हणाली, म्हाताऱ्या माणसांना असं समोरासमोर आणू नकोस. मी ऐकलं नाही. मला त्याचा चेहरा पडलेला बघायचा होता, सगळ्यांसमोर, तिचा पडला होता तसा.

शनिवारी तो आला. रिमोट खिशात घातला. पप्पा सोफ्यावर बसले होते, पांढरा शर्ट घालून, हात गुडघ्यांवर. रेमंडने आत येऊन दोन पावलं टाकली आणि थांबला. पन्नास वर्षांत दोघांचेही चेहरे बदलून गेलेले, पण त्याला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. आमच्या बोलीत म्हणाला, "अंतोन." ती बोली त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकली.

पप्पांनी विचारलं, "ओळखलंस?"

"तेव्हाही ओळखलं होतं," रेमंड म्हणाला.

लवीना सोडली तर खोलीत कुणालाच काही कळत नव्हतं, म्हणून मी सांगायला सुरुवात केली. रेमंडने हाताने मला थांबवलं आणि स्वतःच सांगितलं. काही लपवलं नाही, कुठे रंग दिला नाही. दार, पुडकं, तो दांडगा, सगळं. त्या आठवड्यात रेकॉर्ड नवव्या नंबरावर होती, म्हणाला. शेजारी उभे होते ते वर्तमानपत्रवाले होते. एक शब्द आपल्या बोलीत निघाला असता तर मेम्फिस संपलं असतं आणि तोही. पुढच्या आठवड्यात ती सातवर गेली.

"मी बरोबर केलं," तो म्हणाला. "आज परत ते दार असलं तर परत तेच करीन."

पीटरने मान खाली घातली. मला वाटतं पप्पांना माफी नकोच होती. ते आले होते दुसऱ्याच गोष्टीसाठी, आणि ती त्यांनी आता सांगितली. त्याच्या आईला काय सांगितलं ते. पुडकी दर वर्षी कशी यायची ते. तिला शेवटपर्यंत बरं वाटत होतं, तुझ्यावर ती कधी रागावली नाही, एवढं तुला कळावं, असं ते म्हणाले.

रेमंड खुर्चीवर बसला. चेहरा पडावा म्हणून मी इतके दिवस थांबलो होतो, तो आता पडला होता. पण मला वाटलं होतं तसं काही झालं नाही. तो चिडला. इतका चिडला की गळ्याभोवतीचा रुमाल त्याने ओढून काढला.

आईला लिहिता येत नव्हतं, म्हणाला. शाळेतल्या मास्तरांकडून पत्र लिहून घ्यायची. हॉलंडला, मग बहारीनला, मग इथे. प्रत्येक पत्रात सुकेळी. सुकेळी आवडली ना, अंतोनने सांगितलं, अजून पाठवते. "मला काय माहीत तू खोटं सांगितलंस," तो म्हणाला. "मला वाटलं तू सगळं सांगितलंस आणि ती मला टोमणे मारतेय. दर पत्रात. आयुष्यभर कधी टोमणा न मारलेली बाई. मी पत्रं उघडायची बंद केली."

पप्पांचे हात गुडघ्यांवरून घसरून मांडीवर पडले होते.

"तिने मला शिव्या दिल्या असत्या तर मी गावी गेलो असतो, अंतोन," रेमंड म्हणाला. "तिच्या मातीलाही मी गेलो नाही. तुझ्या चांगुलपणामुळे."

मग तो उठला, खिशातला रिमोट टेबलावर ठेवला आणि गेला. त्या शनिवारनंतर तो प्रॅक्टिसला आला नाही.

पप्पा अजून दोन आठवडे होते. आम्ही त्यांना खोर फक्कानला नेलं. तिथल्या बंदरातली कंटेनरची जहाजं बघून त्यांना बरं वाटेल असं मला वाटलं होतं. ते कठड्याशी उभे राहिले आणि बोटींकडे न बघता त्यांनी मला विचारलं, "मी तिला खरं सांगायला हवं होतं का रे?" मी नाही म्हटलं. परत जाताना विमानतळावर पुन्हा विचारलं. वसईला गेल्यावर फोनवरही एकदा विचारलं, त्यानंतर विचारणं थांबलं, पण फोनवर ते आता कमीच बोलतात. पंचाहत्तराव्या वर्षी माझ्या सरळ बापाच्या डोक्यावर हे ओझं रेमंडने ठेवलं. आणि दोघांना समोरासमोर मी आणलं, हे लवीनाने मला अजून एकदाही बोलून दाखवलेलं नाही.

ती एप्रिलपासून परत गायला लागली. रेमंड नाही म्हणून, की आणखी कशामुळे, ते मी विचारलं नाही.

मे महिन्यात रेमंडची मुलगी शर्लिन हिचा फोन आला. ती इथेच वाढलेली, इंग्रजीतच बोलते. म्हणाली की डॅडींची नजर गेलीय, ग्लॉकोमा आहे, समोरचा माणूस ओळखू येतो पण अक्षर नाही. त्यांच्या सूटकेसमध्ये जुनी पत्रं आहेत, मराठीतली, आणि ते मला रोज वाचायला सांगतात. मला मराठी येत नाही. तुम्ही याल का? नाही म्हणायचं माझ्या अगदी ओठांवर होतं. पण पप्पांसाठी काही सापडतंय का बघू, असा हिशेब करून मी एका शुक्रवारी हाफ डे झाल्यावर अजमानला गेलो.

रेमंड जेवणाच्या टेबलाशी बसला होता. रुमाल नव्हता. केस रंगवायचे सोडले होते, त्यामुळे एकदम कुणी दुसराच माणूस वाटत होता. ये, बस, काही नाही. समोर फिकट निळ्या एरोग्रामचा आणि पाकिटांचा गठ्ठा, बावीस पत्रं होती, सगळी बंद. पहिलं त्याने पुढे सरकवलं.

मी फोडून वाचायला लागलो. मास्तरांचं ठाशीव अक्षर, 'चिरंजीव रेमंड यास अनेक उत्तम आशीर्वाद'. दोनच ओळी झाल्या आणि त्याने हात वर केला. मला वाटलं, आता म्हणतो फ्लॅट. तो म्हणाला, "ही तिची भाषा नाही. ही मास्तरची. तू आपल्या बोलीत सांग."

मग मी ओळ वाचायची, मनात आमच्या बोलीत फिरवायची आणि सांगायची, असं सुरू केलं. विहिरीला पाणी कमी आहे. शेजारच्या माथिल्डाचं लग्न ठरलं. डावा गुडघा दुखतो. केळीवर यंदा रोग पडला, तरी तुझ्यासाठी दोन घड राखून ठेवले. अंतोन म्हणाला तू बारीक झालास, नीट जेव. पप्पांनी हेही तिला सांगितलं होतं, हे मला तेव्हाच कळलं. टोमणा कुठेच नव्हता. तो ऐकत होता, मान जरा तिरकी करून. मध्येच एक शब्द मी शहरी उच्चारात घेतला तर त्याने तो दुरुस्त करून घेतला आणि वाक्य पुन्हा म्हणायला लावलं.

तीन पत्रं झाली. तिसऱ्यात ती म्हणत होती की पत्र येत नाही म्हणून काळजी करत नाही, तू कामात असशील. त्याने चौथं सरकवलं.

मी म्हटलं, आता मला निघायला हवं.

"पुढच्या शुक्रवारी ये," तो म्हणाला. तो विनंती करतोय असं अजिबात वाटलं नाही.

माझ्या डोळ्यांसमोर आली ती स्वयंपाकघरातला नळ सोडून उभी असलेली लवीना, आणि कठड्याशी उभे असलेले पप्पा. मी म्हटलं, "मला जमणार नाही. शर्लिनला सांगा, दुसरं कुणीतरी शोधा." त्याने मान हलवली. राग नाही, आश्चर्य नाही. मी असंच काहीतरी करीन हे त्याला ठाऊक असल्यासारखी.

मी बूट घालायला दाराशी वाकलो. मागून कागद फाटल्याचा आवाज आला म्हणून वळून पाहिलं. त्याने चौथं पाकीट अंगठ्याने कडेने फोडलं होतं. आतला कागद काढून, उलगडून, तळहाताने सपाट करून त्याने तो टेबलावर ठेवला. मग पाचवं उचललं. खोलीत वाचणारं कुणी नव्हतं. शर्लिन आत फोनवर बोलत होती. मी बुटाची नाडी बांधेपर्यंत त्याची आणखी दोन फोडून झाली होती.